सापमारीचं घरटं रिकामं झालं तेव्हा

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी लिंबागणेशच्या माळावर पोचले, तेव्हा मावशी लिंबाखाली पाय पसरून बसल्या होत्या. शेळ्या-मेंढ्या खालच्या ओढ्याकडं गेल्या होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "गेलं बाई. बुधवारीच गेलं."

मी पिशवी खाली ठेवली आणि तरीही दुर्बीण डोळ्याला लावली. समोर तीनशे पावलांवर हिवराचं झाड होतं, वर काटक्यांचं घरटं होतं. आत पिलू नव्हतं.

जानेवारीपासून दर रविवारी आम्ही तिघं इथं बसत होतो. ते घरटं सापमार गरुडाचं. मावशी त्याला सापमारी म्हणतात. हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो, साप धरून आणतो आणि पिलाला भरवतो. घरटं पहिल्यांदा मावशींना दिसलं, कारण त्यांचा सगळा जन्म या माळावर कळपामागं चालण्यात गेलाय. त्यांनी ते कंडक्टरांना सांगितलं आणि कंडक्टरांनी मला.

कंडक्टर एसटीतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण अजून सगळे त्यांना कंडक्टरच म्हणतात. मी शाळेत शिकवायला त्यांच्याच गाडीनं जायची. एकदा मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बंद पडली आणि मी खिडकीतून वर घिरट्या घालणारी घार बघत होते. ते शेजारी येऊन म्हणाले, "ती घार न्हाई बाई. शेपटी बघा." तिथून आमची ओळख बदलली. आधी आम्ही तिकिटापुरतं बोलायचो, मग पाखरांवर बोलायला लागलो.

घरटं बघत होतो त्या दिवसांत माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळून दीड वर्ष झालं होतं. त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, मग शाळा, मग परत तेच. मिस्टर कामानिमित्त आठवडाभर बाहेर असायचे आणि रविवारी घरी. म्हणून रविवार सकाळ माझी. पहाटे स्वयंपाक आवरून मी निघायची आणि संध्याकाळच्या आत परत. माळावर येऊनही मी काही फार करत नव्हते. लिंबाच्या बुंध्याला टेकून बसायचं, वहीत वेळ लिहायची, नर आला, साप आणला, मादीनं घेतला. कधी कधी वही मांडीवर उघडी ठेवून तिथंच डुलकी लागायची आणि कंडक्टर माझ्याऐवजी नोंद करायचे.

"उडताना कसं दिसलं?" मी मावशींना विचारलं.

"कुठलं दिसतंय. शेळीच्या खुरात काटा गेलता, तो काढायलते. वर बघितलं तर घरट्यात न्हाई. म्हणलं पडलं का काय. पळत गेले. तर खाली त्या मोठ्या दगडावर बसलतं. मला बघून तिथून उडून बाभळीवर गेलं. पाय नीट टेकत नव्हते, पण गेलं."

"म्हणजे पहिलं उडणं कुणीच बघितलं नाही."

"कुणीच न्हाई," मावशी म्हणाल्या. मग घरट्याकडं बघत, "त्याच्या आईनं बघितलं आसंल."

पाच महिने. मला रडू येईल असं वाटलं, पण तेवढी ताकदही नव्हती. मी चपला काढल्या आणि त्यांच्याशेजारी पाय पसरले.

थोड्या वेळानं कंडक्टरांची मोटरसायकल वाजली. ते मंगळवारपासून डोळे दाखवायला बीडला गेले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर करू म्हणाले होते डॉक्टर. बातमी ऐकून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, रिकाम्या घरट्याकडं बघितलं आणि टोपी परत घातली. "चला," ते म्हणाले, "ड्यूटी संपली." मग त्यांनी थर्मास उघडला. चहा कोमट होता. मावशींनी फडक्यातून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. खायची इच्छा कुणालाच नव्हती, पण तिघांनी खाल्लं.

चहाचा कप घेताना कंडक्टरांचा उजवा तळवा मला दिसला. अंगठ्याखाली एक लांब, गुलाबी व्रण होता, अजून नीट भरला नव्हता.

"हे अजून बरं नाही झालं? गाडीवरून पडलात म्हणाला होता ना तुम्ही, एप्रिलमध्ये?"

कंडक्टरांनी मावशींकडं बघितलं. मावशी भाकरीचा तुकडा चावत होत्या. तो गिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता सांगून टाका की. पाखरू तर गेलं."

एप्रिलमध्ये गारपीट झाली होती, शनिवारी दुपारी. त्यात मावशींची दोन कोकरं गेली. मी दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा हिवराची एक फांदी फाटून खाली झुकली होती आणि घरटं एका अंगाला कललं होतं. पिलू जेमतेम महिन्याचं. ते घरट्याच्या वरच्या कडेला पाय रुतवून बसलं होतं. मादी वर घिरट्या घालत होती, पण उतरत नव्हती. कंडक्टर म्हणाले होते, फांदी बांधू. मी नको म्हणाले होते. घरट्याला हात लावायचा नसतो, माणसाच्या वावरानं आईबाप पिलू सोडून देतात, असं मी बरंच बोलले होते, शाळेत बोलते त्या आवाजात. मग माझ्या जीपची वेळ झाली आणि मी निघाले. पुढच्या रविवारी येऊन बघितलं, तर घरटं बरंचसं सरळ होतं आणि पिलू मजेत सापाची शेपटी ओढत होतं. मी वहीत लिहिलं, मादीने घरटे सावरले. जिल्ह्यातल्या पक्षी बघणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, तिथंही टाकलं. पुष्कळांनी अंगठे दिले.

"तुमी गेलात," कंडक्टर सांगायला लागले, "आणि आमी दोघं इथंच बसलो. मावशी काय उठंनात. म्हणल्या, माझी दोन गेली, हे तिसरं मी जाऊ देणार न्हाई. मग मी खालच्या शेतातून शिडी आणली. हिवराचे काटे तुमाला म्हाईतच हायत. मावशींनी घोंगडी वर फेकली, तिच्यावर हात ठेवून चढलो. पिलानं मान वर करून अशी चोच वासली, वाटलं आता डोळाच फोडतंय. फांदी वर ओढली, खोडाला बांधली. उतरताना घोंगडी सरकली आणि काटा तळव्यात मोडला. डॉक्टरनं कापून काढला."

"किती वेळ लागला?"

"धा मिनिटं. शिडी काढली आणि लांब जाऊन बसलो. दिवस मावळायच्या आत मादी उतरली बघा. मंग घरी गेलो."

"बाईंना सांगू नका, मीच म्हणले," मावशी म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या. तुमाला वाईट वाटलं आसतं."

मी कपातला चहा बघत बसले. राग येईल असं त्यांना वाटत असावं. दोघंही माझ्याकडं बघत नव्हते. मला राग आला नव्हता. कारण मला ते माहीत होतं.

"फांदीला बांधलेलं मी बघितलं होतं," मी म्हणाले. "त्याच्या पुढच्याच रविवारी. दुर्बिणीतून हिरवट काहीतरी दिसलं."

मावशींचा घास हातातच राहिला. "मग इचारलं कावून न्हाई?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी आदली अख्खी रात्र जागून मी आले होते. विचारलं की त्यांनी सांगावं लागणार, मग मी बोलणार, मग ते गप्प होणार, आणि एवढी एकच जागा होती जिथं मला कुणाशी वाद घालावा लागत नव्हता. म्हणून मी विचारलं नाही. वहीत लिहिलेलं खोडलंही नाही. पण त्यानंतर प्रत्येक रविवारी पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी दुर्बीण डोळ्याला लावायची.

"मला वाटलं नायलॉनची दोरी आहे," मी म्हणाले. "पिलाचा पाय त्यात अडकला तर ते तिथंच उलटं लटकून मरणार. पाच रविवार मी हेच बघत होते. पाय हलतोय का, मोकळा आहे का."

"आवं, नायलॉन मी बांधू दीन का?" मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा दुखावल्यासारखं होतं. "नायलॉननं कोकराचा पाय हाडापतूर कापलेला बघितलाय मी. माझं जुनं लुगडं फाडलं. पट्टी केली रुंद. सुताची हाय, उन्हानं आपोआप कुजून पडंल."

"रुंद म्हणजे केवढी?"

त्यांनी हाताची चार बोटं जोडून दाखवली.

मी ती चार बोटं बघत राहिले. पाच रविवारांची ती भीती, आणि लिंबाखाली माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या बाईकडं तिचं उत्तर होतं. मला हसू आलं. कंडक्टरांनाही आलं. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "इचारायचं आसतं बाई. आमी काय खातोय का तुमाला?"

मग मी वही काढली. त्या पानावरचं माझं वाक्य खोडलं आणि कंडक्टरांच्या पुढं वही धरली. त्यांनी त्यांच्या तिकिटावर आकडे लिहायच्या बारीक अक्षरात लिहिलं की फांदी लुगड्याच्या पट्टीने बांधली, बांधणारे दोघे. मावशींनी विचारलं, काय लिहिलं. वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लुगडं हिरवं होतं, ते पण लिहा." ते पण लिहिलं. ग्रुपवर मात्र मी आजपर्यंत दुरुस्ती टाकलेली नाही.

ऊन चढत गेलं. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी कुणी उठेना. कंडक्टर मांजरा धरणावरच्या कैकरची गोष्ट सांगायला लागले. कैकर म्हणजे मासे धरणारी मोठी घार, हिवाळ्यात धरणावर येते. त्यांनी ती पाण्यात पाय सोडून मासा उचलताना पुष्कळदा बघितली आहे.

"तिचं घरटं कुठं आसतं?" मावशींनी विचारलं.

"लांब, उत्तरेला. डोंगरांच्या पलीकडं. आपल्या इथं ती नुसती खायला येती. तिकडची माणसं बसत आसतील की आपल्यासारखी, झाडाखाली. त्यांचं पिलू उडालं की त्यांची पण ड्यूटी संपत आसंल."

"त्यांचे पण पाय दुखत आसतील," मावशी म्हणाल्या.

पुढच्या वर्षीचा विषय कंडक्टरांनीच काढला. सापमारी याच माळावर परत घरटं करेल, झाड कदाचित दुसरं असेल. मावशी म्हणाल्या, त्यांचं काही नक्की नाही. गुडघे चालत नाहीत, मुलगा म्हणतो कळप कमी करू, चार शेळ्या दारात बांधू. कंडक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर दिसलं तर येईन. दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, बघू. एवढंच बोलणं झालं. कुणी कुणाला आग्रह केला नाही, आणि ते मला बरं वाटलं.

बसायला मांडलेले दगड आम्ही तसेच ठेवले. पोत्याचं आंथरूण मावशींनी घडी करून खांद्यावर टाकलं. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "झोपा जरा घरी जाऊन." त्या ओढ्याकडं गेल्या, कळपाला हाळी देत, आणि आम्ही गाडीवरून मांजरसुंब्याला आलो. चौकात कंडक्टरांनी मला केजकडं जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसवलं, सवयीनं आत वाकून माणसं मोजली आणि पुढं कुणाला कुठं उतरायचंय ते ड्रायव्हरला सांगितलं.

मी खिडकीजवळ बसले होते. आमच्या गावचा फाटा अर्ध्या तासावर. मला फक्त घाटातलं पहिलं वळण आठवतंय. नंतर कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावून म्हणालं, "बाई, केज आलं."

ड्रायव्हरनं फाट्यावर हाक मारली होती म्हणे, दोनदा. शेजारच्या बाई म्हणाल्या, इतक्या गाढ झोपला होतात की मलाच उठवू वाटेना. मी उतरले. अंग जड झालं होतं, पण डोकं कितीतरी दिवसांनी हलकं होतं. स्टँडवरच्या नळावर तोंड धुतलं. परतीची जीप भरायला अजून वेळ होता. मिस्टरांना फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं.

मग तिथंच बाकावर बसून मी पुण्याला जाऊबाईंना फोन लावला. दीड वर्षात सासूबाईंची खुशाली सांगायला मी त्यांना कितीतरी फोन केले होते, पण हे कधी बोलले नव्हते. म्हणाले, "वहिनी, सुट्ट्या आहेत तोवर आठ दिवस येऊन राहाल का? मला होत नाही आता."

त्या म्हणाल्या, "तू कधी म्हणालीच नाहीस गं. मला वाटायचं, तुला तुझ्या हातचंच पटतं, मी आले तर तुला आवडायचं नाही."

त्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आल्या. आठ नाही, पाच दिवस राहिल्या, त्यातले दोन त्यांचं डोकं दुखत होतं. उरलेल्या तीन दिवसांत त्यांनी सासूबाईंचं सगळं केलं, चुकतमाकत, आणि मी तीन दिवस झोपले.