धुतलेली फ्लॉपी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते नगरच्या कॉलेजातल्या आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमचे, आणि दसरा जवळ आला की त्या हमखास आठवतात. बाहेरून आणलेल्या फ्लॉपीचा व्हायरस स्कॅन पूर्ण झाल्याशिवाय ती लॅबमध्ये वापरायची नाही, असा त्यांचा नियम होता. एका वर्षी दसऱ्यानंतर मला प्रोजेक्ट जमा करायचा होता, तो त्या एकाच फ्लॉपीवर होता, आणि स्कॅन दर वेळी एकाच फाईलपाशी अडून ड्राइव्ह नुसता करकरत होता. "जामखेडचा व्हायरस दिसतोय, लई जबरी!" माझ्या गावावरून मागून एकजण म्हणाला. मॅडमनी फ्लॉपी काढून उजेडात धरली. पाकिटाच्या लांबट खिडकीतून आतल्या काळ्या तबकडीवर लाल ठिपके दिसले. "हे काय रे?" मी चाचरत सांगितलं, की खंडेनवमीला आईनं "तुजं हत्यार हेच हाय ना?" म्हणत ती विळ्या-कोयत्याशेजारी मांडली आणि हळद-कुंकू वाहिलं. सगळे हसले. मॅडम मात्र फ्लॉपीकडेच बघत होत्या. "धुऊन बघू या का?" त्यांनी ब्लेडनं पाकीट कापलं, तबकडी नळाखाली धरली, रुमालावर सुकवली आणि दुसऱ्या फ्लॉपीच्या रिकाम्या पाकिटात सरकवली. ड्राइव्हही पुसून घेतला. या वेळी स्कॅन त्या फाईलवरून पुढे गेला आणि संपला. व्हायरस एकही नव्हता. अडलेली वस्तू उघडून बघायची माझी आजची खोड तिथलीच. निकालानंतर मी त्यांना पत्र टाकलं: "मॅडम, प्रोजेक्ट पास झाला. आई पेढे घेऊन तुमच्याकडे येणार आहे. फ्लॉपी धुतल्याचं तिला कृपया सांगू नका; पूजा पावली, असं तिनं गावभर सांगितलंय."