अंटार्क्टिकाला गेलेलं जॅकेट

आमच्या नायगावच्या बिल्डिंगमध्ये खरं गरम जॅकेट एकच आहे. ते समोरच्या काकींचं, पण वापरतात सगळे. कुणी मनालीला निघालं, केदारनाथला निघालं, की आधी काकींकडे जाऊन जॅकेट मागायचं. त्यामुळे आत्याने अंटार्क्टिकाला जायचं ठरवलं तेव्हा तिकिटाच्या आधी जॅकेट बुक झालं.

आत्या भूगोल शिकवायची. फळ्यावर जगाचा नकाशा काढून झाला, की ती तळाशी खडू आडवा धरून एक पांढरा पट्टा ओढायची. आता निवृत्त झाल्यावर तिला त्या पट्ट्यावर पाय ठेवायचा होता. बोटीवरून लांबून बघणं चालणार नव्हतं.

आणि नेमकं तेच अवघड होतं. टूर कंपनीच्या सूचना इंग्रजीत आल्या, आणि घरात इंग्रजी काही आलं की ते माझ्याकडेच येतं. मी वाचून दाखवलं. कपड्यांत बी, माती, गवताची काडी सापडली, तर किनाऱ्यावर उतरू देणार नाहीत. माणसांबरोबर गेलेलं परकं गवत तिथे काही ठिकाणी आधीच रुजलंय. शेवाळावर पाय द्यायचा नाही, तिथला ठसा वर्षानुवर्षं भरून येत नाही.

"आणि बोटीचा धूर?" आत्याने विचारलं.

"काजळी बर्फावर बसते. मग बर्फ लवकर वितळतं."

"म्हणजे मी जाऊच नये, असं तुझं म्हणणं."

माझं खरंच थोडं तसं म्हणणं होतं. पण मनातलं पटकन बोलून टाकणं मला जमत नाही, आणि तिचा चेहरा बघून तर मुळीच बोलवेना.

"जॅकेट आण," मी म्हटलं.

रविवारी जमिनीवर पेपर पसरून आम्ही तिघी बसलो. काकींनी चष्मा लावला, सुई घेतली आणि तांदूळ निवडावेत तसं वेल्क्रो निवडायला घेतलं. खिसे उलटे केल्यावर बडीशेप पडली. मग तिळगुळाचे तुकडे, शेंगदाण्याची टरफलं, प्रसादाचे फुटाणे आणि कुठल्या तरी डोंगरावरची कुसळं.

"खिसो खंयचो, वाण्याचा दुकान ह्या!" काकी म्हणाल्या. "बडीशेप वरच्या मजल्यावरच्या भावोजींची. हनिमूनला जॅकेट नेलेलं त्यांनी."

"हनिमूनला बडीशेप?" आत्या म्हणाली आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. मीही हसले, पोट दुखेपर्यंत. शेवटी व्हॅक्यूम क्लीनर फिरवून मी जॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर टेप लावली.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. पॅसेजमध्ये अख्खा मजला जमला आणि सगळ्यांना जॅकेटमधली आत्या बघायची होती. "एक फोटो गं!" मी नको-नको म्हणत होते, पण माझा आवाज मलाच कसाबसा ऐकू येतो. टेप निघाली. डिसेंबरातही आत्या घामाने निथळत उभी राहिली. काकींनी औक्षण केलं, कुंकू लावलं. मग त्यांनी तबकातल्या अक्षता मुठीत घेतल्या. जॅकेटची टोपी पाठीवर पिशवीसारखी उघडी होती.

"थांबा!"

मी ओरडले होते. पॅसेजमधल्या कुणीही माझा तो आवाज आधी ऐकला नव्हता, मीसुद्धा नाही. पण पहिली मूठ पडली होती.

"आत्या, हलू नकोस!"

"अगो, तांदूळ म्हणजे काय विष असा?" काकी म्हणाल्या. "साल काढलेलो तांदूळ उगवता काय?"

"नाही उगवत. पण तिकडे तपासणाऱ्याला ते कोण सांगणार? तिला बोटीवरच बसवून ठेवतील."

काकींचा चेहरा पडला. मग त्यांनीच पदर खोचला आणि सगळ्यांना कामाला लावलं. खालून टॅक्सीचा हॉर्न, मधे दुकानातल्या पुतळ्यासारखी हात पसरून आत्या आणि तिच्याभोवती दाणे वेचणारा मजला. कुणीतरी तिच्या कानामागून एक दाणा काढला आणि आत्या गुदगुल्यांनी किंचाळली. मग सगळेच हसत सुटले. मी टोपी उलटी करून झटकली, शिवणी तपासल्या आणि जॅकेट पुन्हा पिशवीत घातलं.

"आणि अक्षता?" काकींनी विचारलं. आत्याला तसंच पाठवणं त्यांना पटेना. शेवटी सगळ्यांनी रिकाम्या मुठी उचलल्या आणि आत्याच्या डोक्यावर उघडल्या. तिने मात्र सवयीने डोळे मिटून घेतले.

काही दिवसांनी तिचा व्हॉइस मेसेज आला. काकींच्या दारात उभं राहून मी तो मोठ्याने लावला. वाऱ्यात अर्धं ऐकू येत नव्हतं.

"पास झाले गं! टॉर्च लावून बघितलं तपासणाऱ्या बाईने, काही नाही. आणि पाय ठेवला. पुढच्याच्या ठशातच ठेवला, नवा नाही केला. तू विचारशील म्हणून सांगते. आता इथे आपल्या ग्रुपमधल्या एकांच्या खिशातून चिवडा निघालाय. मी निवडून देतेय."

काकींनी तो मेसेज पुन्हा लावायला सांगितला. फक्त शेवटचा भाग.

"तिका शिकवल्यान कोणी?" त्या म्हणाल्या, आणि पॅसेजमध्ये ऐकायला दुसरं कुणी आहे का, ते बघू लागल्या.