मोटर बसवली तो रविवार

तुमच्या आजोबांना मासेमारीचा नाद होता, आणि बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना वल्हवायला बंदी केली होती. तेव्हा नुकतेच अमेरिकेत संगणकाच्या नोकरीला लागलेले तुमचे बाबा सुट्टीवर येताना त्यांच्या कयाकसाठी, म्हणजे एका माणसाच्या प्लास्टिकच्या होडीसाठी, विजेवर चालणारी छोटी मोटर घेऊन आले. बॅटरी इथे घ्यायची होती. बाबा परत गेल्यावर आजोबांनी घरातल्या इन्व्हर्टरचीच काढली.

"आणि दिवे गेले म्हणजे?" मी विचारलं.

"रविवारी जात नाहीत. वीज मंडळाला अजून ते सुचलेलं नाही."

सदाशिव पेठेतून धरणापर्यंत गाडी मी चालवली. काठावरच्या चहावाल्याने बॅटरी होडीत ठेवली, तशी होडी चांगलीच खाली बसली. आजोबांनी सामान काढायला सुरुवात केली. डबा काढला, पाण्याची बाटली काढली, शेवटी वल्हंही.

"अहो, वल्हं तरी असू द्या."

"डॉक्टरांनी मना केलंय ना? मग बरोबर नेऊन त्याची पूजा करू?"

मोटरचा आवाज जवळजवळ नव्हताच. पूर्वी पहिल्या वळणापर्यंत त्यांचे हात भरून येत आणि ते माघारी फिरत. त्या दिवशी वळण कधी मागे पडलं ते त्यांना कळलंही नसावं. मग होडी थांबली. तेव्हा मला आठवलं, आदल्या संध्याकाळी दिवे गेले होते आणि आमचे पंखे याच बॅटरीवर चालले होते. सकाळी ती तशीच उचलून आणली होती.

वारा होडीला पलीकडे ढकलत होता. ते वाकून दोन्ही हातांनी पाणी मागे सारत होते. मी ओरडले, "हात थांबवा!" त्यांनी मला हात हलवून दाखवला आणि पुन्हा वाकले.

वल्हं गाडीत टाकून मी वळसा घेऊन पलीकडच्या काठाला निघाले. रस्त्यावरून पाणी दिसत नव्हतं.

ते चिखलात बसले होते, होडीला टेकून. ओठ पांढरे पडले होते.

"मोठा होता. सुटला," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "जरा बसू दे मला."

मी त्यांची नाडी धरून बसले. किती ठोके पडायला हवेत हे मला ठाऊक नव्हतं.

रात्री तुमच्या बाबांचा फोन आला. "उत्तम चालते," आजोबांनी सांगितलं. मी रिसीव्हर घेतला आणि सगळं सांगितलं.

"आई, विकून टाक ती होडी."

आजोबांना ते ऐकू गेलं. "विका. मला इन्व्हर्टरशेजारी बसवा, घराला उपयोग होईल."

मी विकली नाही. हलकी, वेगळी बॅटरी आणली आणि वल्हं स्वतः होडीला बांधलं. दर रविवारी मी काठावर बसून पाण्याकडे बघत राहायचे. ते दर वेळी थोडे आणखी लांब जात.