बोडी उपसायला गेलो एकदाचे

गेल्या रविवारी बायको-मुलीला घेऊन आसगावला गेलो. एकदाचा! नागपूरहून निघालं तर पवनीवरून दोन-अडीच तासांचा रस्ता, काही सातासमुद्रापार नाही… पण ऐन थंडीत तिथं जायला मला पाच वर्षं लागली.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं छोटं तळं, आमच्याकडे बऱ्याच शेतांत असतं. धान निघालं की थंडीत तिचं पाणी आटत येतं. मग उरलंसुरलं उपसायचं आणि घरातल्या लहानमोठ्यांनी गाळात उतरून हातानं मासे धरायचे.

आमच्या लहानपणी याच्यापुढे दिवाळी फिकी होती, खरं सांगतो. नाकातोंडात चिखल, दातावर दात वाजताहेत, आणि पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, कुणीतरी धानाची वाळकी तणीस पेटवलेली… घरी आलो की आई आधी ओरडायची, मग गरम पाण्यानं घासून काढायची.

सई, माझी मुलगी, आठ वर्षांची असताना तिनं हे सगळं माझ्या वडिलांकडून ऐकलं. आबांच्या गळ्यात पडून तिनं वचन घेतलं, की माझ्याशिवाय बोडी उपसायची नाही. एवढ्यावर थांबली नाही, एक जुना टी-शर्ट आणि हाफपँट "चिखलाचे कपडे" म्हणून गावीच ठेवून आली. माझ्या आईनं ते पिशवीत घालून खुंटीला अडकवले.

झालं… तेव्हापासून दर थंडीत आबांचा मला ऑफिसात फोन. "पाणी गुडघ्यावर आलं. पोरीले घेऊन कधी येऊन राहिला?"

आणि माझं एकेक सुरू. कधी गॅदरिंग, कधी सर्दी, कधी क्लासची टेस्ट. एका वर्षी तर कमाल केली… हिवाळ्यात मुलांना कुठं न्यायचं, सगळे जातात म्हणून मीही तिला मॉलमधल्या नकली बर्फात घेऊन गेलो. भाड्याचं जॅकेट, भाड्याचे बूट, अर्धा तास घसरगुंडी, आणि बाहेर आल्यावर शंभर फोटो.

बाहेर आलो तर आबांचे मिस्ड कॉल. त्याच दिवशी बोडी उपसली होती.

बोडीत काकांचाही अर्धा वाटा आहे, तेही बिचारे किती थांबणार? आबा दरवर्षी त्यांना आज-उद्या करत थोपवायचे आणि त्यांची बोलणी खायचे. हे मला आत्ता, गेल्या रविवारी, आईकडून कळलं.

यंदा काकांनी आपले मासे काढून नेले होते. आबांनी मात्र मधल्या खोलगट जागेला मातीचा बांध घालून थोडं पाणी राखून ठेवलं होतं. आम्ही गाडीतून उतरतोय तर हे लुंगी वर खोचून तयार!

आईनं खुंटीवरची पिशवी काढली. तो टी-शर्ट सईच्या अंगाला लावून पाहिला… कमरेपर्यंतसुद्धा येईना. आई हसली, सईही हसली. मला काही हसू आलं नाही.

बोडीवर गेलो. आबा पोटऱ्यांपर्यंत गाळात उभे. सईकडे हात करून म्हणाले, "उतर माय. थंडी नाही लागत, मी आहो ना."

सईनं पाण्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला. "आबा, तुम्ही पकडा ना… मी व्हिडिओ काढते."

तिचं काही चुकलं नाही हो. आठव्या वर्षी मिळायला हवं ते तेराव्या वर्षी समोर ठेवलं, तर पोर काय करणार? आबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "काढ, काढ. चांगला काढजो."

आणि मग त्या माणसानं काय मासे धरले! वाकून चाचपताहेत, घसरताहेत, पुन्हा उठताहेत. एक मरळ हातातून दोनदा निसटली, तिसऱ्यांदा छातीशी धरून वर काढली आणि कॅमेऱ्याला दाखवली. शेवटी मलाच राहवेना… पँट वर करून मीही उतरलो. आम्ही बापलेक गाळात, आणि जिच्यासाठी हे सगळं, ती पाळीवर कोरडी.

संध्याकाळी मरळीचा रस्सा आणि भात. सईनं दोनदा वाढून घेतला. निघताना बघितलं तर आईनं ती पिशवी परत खुंटीला अडकवलेली.

परतीच्या वाटेत सई मागच्या सीटवर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होती. आबांची धाप मला पुढे ऐकू येत होती. मी उगाच म्हणालो, की पाच वर्षं सारखे फोन करत होते तुझे आबा.

व्हिडिओ बंद झाला. सई पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "पप्पा, मला वाटायचं आबा विसरले."

ती हट्ट धरेल म्हणून मी तिला एकाही फोनबद्दल सांगितलं नव्हतं. आणि पोरीला वाईट वाटेल म्हणून आबांनी कधी तिच्याजवळ विषय काढला नव्हता. पाच वर्षं ती आबांना मनातल्या मनात विसरभोळे समजत राहिली, आणि मी दोघांच्या मधे बसून होतो…

घरी पोचल्यावर तिनं स्वतः आबांना फोन लावला. काय बोलली ते दार लावून बोलली, मला माहीत नाही.

तुमच्याही गावाहून या थंडीत फोन येत असेल. कामं असतातच, मला कळतं. पण एवढं करा… "बघू" म्हणायच्या आधी फोन मुलांच्या हातात द्या.