सुमीच्या पायाची कमान

आठवतं सुमी? कॉन्व्हेंटमधून आलो की मागच्या नळावर पाय धुवायचे आणि तसंच लाल ऑक्साइडच्या फरशीवर चालत सुटायचं. कुणाचा ठसा आधी सुकतो, याची पैज... तुझाच सुकायचा. तुझ्या तळव्याची कमान इतकी उंच, की टाच आणि चवडा यांच्यामध्ये जेमतेम एक बारीक पट्टी उमटायची.

सुमी माझी धाकटी बहीण. गेल्या महिन्यात तिच्या उजव्या पायाची हाडं स्क्रू घालून एकमेकांना जोडून टाकली. तो पाय कसा गेला, हे नातेवाइकांत कुणालाच माहीत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवत होते. बंगलोरात चामराजपेटला बसमधून उतरताना सुमीचा पाय मुरगळला. घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा खाली मी बोट दाबलं आणि ती किंचाळली... मला तिथेच कळलं.

कमान हाडांची असली तरी तिला धरून ठेवतात लिगामेंट्स, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे चिवट पट्टे. त्यातलं एक टाचेच्या हाडापासून पुढच्या होडीसारख्या हाडापर्यंत जातं आणि वरून येणारा भार झोळीसारखा पेलतं. त्याला स्प्रिंग लिगामेंट म्हणतात, पण ते स्प्रिंगसारखं नसतंच. ताणून सैल झालं की पुन्हा आखडत नाही, कमान खचत जाते... दरवर्षी मुलांना मीच हे सांगायचे.

"सहा आठवडे प्लास्टर घालू या," मी आईला म्हटलं.

"आणि रविवारी बसवनगुडीची मंडळी येतायत, त्यांना काय दाखवू, प्लास्टर? एकदा अक्षता पडू देत. तोवर तू तुझ्या मड्यांना शिकव."

आमच्याकडच्या जुन्या घरांत तेव्हा मुलगी बघायला आले की तिला पाय धुऊन फरशीवरून चालायला लावत. ठसा सपाट उमटला तर मुलगी अपशकुनी. मुलाची आत्या वाकून वाकून बघायची.

मी भांडायला हवं होतं. त्याऐवजी शनिवारी सुमीला दुखण्याची गोळी दिली आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार टाकून कसं चालायचं, ते शिकवलं. तसं चाललं की सैल पायाचाही ठसा कोरीव उमटतो. हे आईला सुचलं नसतं... त्यासाठी अ‍ॅनाटॉमी शिकावी लागते.

आत्याबाई खूश. "सरी, सगळं ठीक, पाऊल छान आहे हं!"

पुढचे दोन महिने साड्यांची खरेदी, केळवणं, देवळांच्या अनवाणी प्रदक्षिणा... सगळं त्याच पायावर. गृहप्रवेशाला कुंकवाच्या पाण्यातून निघाली तेव्हा ती इतकी थकली होती, की कडेवर चालायचं विसरली. उजवा ठसा उमटला तो भाकरीसारखा, भरलेला.

"अगंबाई, पाऊल बदललं की मुलगीच?" तिची सासू म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतर त्या घरात दूध नासलं तरी सुमीच्या पायाकडे बघत. मी मात्र प्रोफेसर होऊन रिटायर झाले.

परवा हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट तिला चालायला शिकवत होती. सुमी माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, ही म्हणते पूर्ण तळवा टेकवा. मला येतच नाही गं. तू शिकवलेलंच येतं." रागानं नाही, आपलं सहजच. रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आणि पुढचंही सगळ्यांनी नीट वाचा. आईनं 'माझी शहाणी' म्हणून मला दिलेल्या पाटल्या माझ्यामागे सुमीच्या मुलीला, मेघनाला द्यायच्या. देह कॉलेजला द्यायचा, फॉर्म कपाटात आहे. घराचा वरचा मजला माझ्या मुलाला, खालचा सुमीला. आणि राजा, तुला आत्ताच सांगते, पुढे अदलाबदल करू नकोस... मावशीला जिना नको.