जास्तीचं प्यादं

दुपारी जेवण झालं की माझे डोळे जड होतात. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज अजून कानावर पडतोय, आणि समोर शरच्चंद्र बसलेले आहेत. आमचे हे. दीड महिन्यापूर्वी गेले. बुद्धिबळाच्या चौतिसाव्या चालीला छातीत दुखतंय म्हणून उठले, ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर पट तसाच मांडलेला आहे, आणि सून बिचारी सगळ्यांना खाली पाटावर वाढते.

मी त्यांना कधीच हरवलेलं नाही. या डावात माझं एक प्यादं जास्त आहे. तेवढं पुरतं का, हे मला जाणून घ्यायचंय.

"मी जिंकतेय ना?" मी विचारते.

"गेलेल्या माणसाला डाव विचारू नये. खेळ."

पटावर दोन राजे आणि मूठभर प्यादी. जास्तीचं प्यादं डाव्या कडेला. एक प्यादं जास्त मिळालं की मी त्याची आई होते, हा माझा जुना दोष. राजाला त्याच्या राखणीला बसवते आणि हातातला डाव बरोबरीत सुटतो. आताही तेच चाललंय.

टेबल एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी आहे, जिथे ह्यांनी तीस वर्षं काढली. फलाटावर एकही गाडी नाही. माणसं मात्र सामान घेऊन उभी आहेत, आणि भोंग्यावरून आमच्या चाली सांगितल्या जातायत. कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही नाही.

मी राजा उचलते आणि प्याद्याकडे पाठ करून उजवीकडे नेते.

"चुकलीस," ते म्हणतात. "परत घे."

संसारभर ते मला चाली परत घेऊ देत आलेत. त्याचा मला फार राग यायचा.

"नाही घेत."

आता आम्ही इस्पितळाच्या बाकावर, पट दोघांच्या मांड्यांवर. प्यादं एकटंच पुढे सरकतंय. त्याचा वजीर होऊ द्यायचा नसेल, तर त्यांच्या राजाला तिकडे जावंच लागणार. ते जातात, प्यादं मारतात. तोवर माझ्या राजाने उजवीकडची त्यांची दोन्ही प्यादी खाल्लेली असतात, आणि माझ्या तिथल्या प्याद्याला अडवायला कुणी उरत नाही.

ते पटावर वाकून पाहतात. "हे आधी का नाही सुचलं तुला?"

"तुम्ही होतात ना. मी हरले तरी दुसऱ्या दिवशी डाव पुन्हा मांडता यायचा."

हरणाऱ्याने हात पुढे करायचा असतो, तो ते करतात. नवरा-बायकोत कसला शेकहँड, म्हणून आम्ही कधी केलाच नव्हता. हात कोमट आहे. माझ्याच्याने सोडवत नाही.

जाग येते तेव्हा साडेतीन वाजलेत. मी जिंकलेय, आणि ज्यांना सांगावं ते घरात नाहीत. फार वाईट वाटतं. नाक चुरचुरतं, शिंक येते. पाहते तर उजव्या तळव्याला तपकीर लागलीय. घरात ती ओढणारे ते एकटेच होते.

मी टेबलापाशी जाते आणि सोंगट्या डब्यात भरायला लागते. डाव्या हातानेच.