दोन वायरींची एक वायर

नेटवर्कच्या स्विचवरचे सगळे दिवे एकदम पिसाटल्यासारखे लुकलुकायला लागले आणि वरच्या मजल्यावरून रजनीची हाक आली, "ताई, फाइल अडकली!"

"अडकली म्हणजे?"

"म्हणजे जातच नाहीये. काहीच जात नाहीये!"

सकाळीच मी ही फाइल चहा गार व्हायच्या आत खाली पाठवून दाखवली होती. मग पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि आता हे! शेठजींनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

ही गोष्ट उज्जैनची, फ्रीगंजमधली. देशाचा बाजार खुला होऊन काही वर्षं झालेली, जो तो कॉम्प्युटर घेत सुटलेला. शेठजींच्या चादरी भैरवगढ़ला छापल्या जायच्या आणि परदेशी जायच्या. टावर चौकाजवळ त्यांचं दोन मजली ऑफिस होतं. वरच्या दोन खोल्यांत रजनी आणि तिच्या सोबतिणी ठशांची डिझाइनं स्कॅन करायच्या. खाली ती साठवली जायची, प्रिंट व्हायची, शिवाय बिलिंगही तिथेच.

वरच्या आणि खालच्या नेटवर्कच्या मध्ये लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालणारं आमचं कॉम्प्युटर राउटर म्हणून बसवलेलं होतं. राउटर म्हणजे इकडचा माल तिकडे बरोबर पत्त्यावर पोचवणारा. वरच्या दोन खोल्यांतून त्याच्याकडे दोन इथरनेट वायरी यायच्या, पण त्याच्याकडून खालच्या स्विचकडे, म्हणजे खालची सगळी यंत्रं जिथे जोडलेली त्या डब्याकडे, एकच जायची. दोन्ही खोल्यांनी एकदम मोठ्या फाइली सोडल्या की बिलिंगवाला कपाळाला हात लावून बसायचा.

मी म्हटलं, खाली जाणाऱ्या वायरी दोन करू आणि लिनक्सला सांगू की या दोन नाहीत, एकच आहे असं समज. याला बाँडिंग म्हणतात. माल दोघींत वाटला जातो, आणि एक तुटली तरी दुसरी काम चालू ठेवते. स्विचलाही तेच समजवावं लागतं, नाहीतर तो गोंधळतो.

कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या ज्या दुकानात मी कामाला होते, त्याचे मालक मोघे सर. त्यांना हे पटत नव्हतं. "हे फुकटचं लिनक्स तुझ्या भरवशावर लावून राहिलोय. फसलं, तर परत प्रिंटरच्या रिबिनी बदलायला बसायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. रिबिनी बदलून बोटं काळी करून घ्यायचा मला मनस्वी कंटाळा आला होता. नेटवर्कचं हे माझं एकटीचं पहिलं काम होतं.

आणि आज दुपारी शेठजींकडे मोठं गिऱ्हाईक येणार होतं, डिझाइनं स्क्रीनवर बघायला. म्हणूनच आजचा मुहूर्त.

"मैडम, इंदौर वालों को फोन लगाऊँ क्या?" शेठजींनी विचारलं. इंदूरची एक कंपनी तयार राउटर विकायला त्यांच्या मागे लागलेलीच होती.

"शेठजी, रुकिए तो सही!"

मोघे सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ते दोन-दोन वायरींचं खूळ काढ आणि पहिल्यासारखं कर."

काढलं. एक वायर उपटली. दिवे तसेच. दुसरीही उपटली. आता राउटरचा स्विचशी काही संबंधच उरला नव्हता. आणि दिवे? तसेच नाचतायत मेले!

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "सर, बघा! राउटर बाहेर आहे तरी गोंधळ चालूच आहे. म्हणजे दोष आपल्या लिनक्सचा नाही."

"मग कुणाचा?"

"तेच बघते."

स्विचपुढे मांडी घातली आणि एकेक वायर हाताने चाचपत निघाले. ही बिलिंगची. ही प्रिंटरची. ही स्टोअरची. मग एक नवी कोरी पिवळी वायर हाताला लागली. तिला लाल नाडा बांधलेला, वर कुंकवाचं बोट. तिचं एक टोक स्विचमध्ये. दुसरं टोक शोधत गेले, तर तेही त्याच स्विचमध्ये!

अगं बाई! म्हणजे स्विच स्वतःलाच माल पाठवतोय, तोच माल परत घेतोय आणि परत पाठवतोय. हे चक्र सुरू झालं की बाकी कुणाला बोलायला जागाच उरत नाही. आजचे बरेच स्विच असं चक्र ओळखून तोडतात, आमचा तेवढा शहाणा नव्हता.

मी वायर उपटली. दिवे शांत झाले. राउटरच्या दोन्ही वायरी परत लावल्या आणि वरून रजनी ओरडली, "गेली ताई, गेली!"

"ही कुणी लावली?" मी पिवळी वायर वर धरून विचारलं.

शेठजी अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, "मैंने। पूजा के टाइम। आपने दो लगाई थीं ना? शुभ काम में गिनती एक ऊपर रखते हैं। मशीन में तीसरी की जगह नहीं दिखी, तो दोनों सिरे यहीं लगा दिए।"

मला हसू आवरेना. रागावू तरी कशी? आमच्या आईनेही आयुष्यात आहेराच्या पाकिटात एक रुपया वर घातल्याशिवाय पाकीट चिकटवलं नव्हतं. शेठजी मात्र खरोखर हिरमुसले होते. शगुनाची वस्तू मीच काढून टाकली होती ना!

"शेठजी, ही वाया नाही जाणार. हिला कामाला लावते."

गिऱ्हाईक आलं, डिझाइनं झरझर उघडली, चादरी पसंत पडल्या. ते गेल्यावर मी मशीन बंद करून आणखी एक इथरनेट कार्ड बसवलं, नाडा न काढता पिवळी वायर त्यात लावली आणि लिनक्सला आणि स्विचला सांगितलं की आता तिघी मिळून एक. फाइली सुरळीत गेल्या. शेठजींनी नवा पेढा घेतला आणि अख्खा तोंडात टाकला.

जिन्यात मोघे सर म्हणाले, "उद्या देवासला एक नेटवर्क बघायचंय. तूच जा."

"आणि रिबिनी?"

"रिबिनी मी बदलतो, बाई."

तेव्हापासून काम ताब्यात देताना मी स्विचच्या वायर खोचायच्या रिकाम्या पोर्टांवर चिकटपट्टी लावते. आणि नेटवर्कचा नकाशा काढण्याआधी मालकाला विचारून घेते, पूजा कधी आहे आणि गिनती किती ठेवायची.